वाटेला आवतण

माझं डोकं फिरलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या खोडदला काही बाया अजून मला बघून आवाज खाली घेतात, म्हणून. मला मेंदूज्वर झाला होता आणि त्यातून मी उठले. बोलणं शाबूत, नाती शाबूत, भांडायची ताकद तर दुप्पट. गेली ती एकच गोष्ट. डोळे मिटले तरी आपलं घर कुठल्या अंगाला, विहीर कुठं, रस्ता कुठं वळतो, हे जे आपोआप डोक्यात उभं राहतं ना, ते माझं पुसलं गेलं. असतं तोवर ते असतं हेसुद्धा कुणाला कळत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याला वेड्यात काढू नका, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

उलटी बाही

दिवाळी होऊन गेली होती आणि लग्नसराईची शिलाई माझ्याकडं तुंबली होती. मी घरी मशीनवर ब्लाउज शिवते. त्या दिवशी एका ब्लाउजला मी बाही उलटी लावली. उसवली, परत लावली, परत उलटी. आत्या, म्हणजे माझी सासू, कांद्याची लागण करून घरात आली होती. म्हणाली, "मंदे, ध्यान कुठंय तुजं? माहेरी गेलंय का?" मी फणकाऱ्यानं कात्री आपटली. डोकं असं ठणकत होतं की दिवा नकोसा झाला होता. सकाळपासून ताप होता, पण ताप काय, येतो आणि जातो, असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी आमचे हे शेतातून आले, तर मी त्यांना माझा भाऊ समजून विचारलं, "आई कशी हाय?" मग झटका आला. पुढचं मला ऐकून माहीत आहे. जीपनं नारायणगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझी मान पुढं वाकवून बघितली आणि म्हणाले, "इथं वेळ घालवू नका, पुण्याला काढा."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठीतून पाणी काढलं, ते मात्र मला स्वच्छ आठवतं. पाय पोटाशी घेऊन मी कुशीवर पडले होते आणि पडद्यापलीकडं डॉक्टरीणबाई ह्यांना सांगत होत्या, "मेंदूला सूज आहे. औषधं सुरू केलीत. वाचतील का, आणि वाचल्या तर कशा असतील, हे मी आज नाही सांगू शकत." देवळात जावं तशा ह्यांनी चपला दवाखान्याच्या दाराबाहेर काढल्या होत्या आणि त्या कुणीतरी पळवल्या होत्या. पडद्याखालून मला ह्यांचे अनवाणी पाय दिसले, एकावर एक ठेवलेले. ते पाय बघून मला जेवढी भीती वाटली तेवढी सुईची नव्हती वाटली. माझी पोर, आशू, तेव्हा दुसरीत होती. मी मेले तर तिच्या वेण्या कोण घालणार, हेच डोक्यात घुमत राहिलं.

खाटा सगळ्या सारख्या

जगले. ताप उतरला, सलाईन सुटलं, आणि एका सकाळी मी हौसेनं एकटी बाथरूमला गेले. परत आले तर माझी खाट सापडेना. दोन्ही बाजूंना खाटा, सगळ्यांवर तसल्याच चादरी. मी एकीवर जाऊन बसले तर खालून एक म्हातारी ओरडली, "अगं माझे बाई, पाय मोडशील माझा!" सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. पण दुपारी तेच, संध्याकाळी तेच. तेव्हा मात्र मी हसले नाही.

वॉर्डात झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. तोंडानं फटकळ, माझ्यासारख्याच. त्यांनी आपल्या जुन्या साडीचा लाल काठ फाडला आणि माझ्या खाटेच्या दांडीला बांधला. "लाल बघायचं आन् बसायचं. कुणाला इचारायचं न्हाई." त्या लाल चिंधीचे उपकार मी कधी विसरणार नाही.

हे कुणाचं घर?

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. जीप दारात थांबली, हे म्हणाले, "उतर." मी विचारलं, "हे कुणाचं घर?" ह्यांना वाटलं मी थट्टा करते. हसत हसत माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ह्यांचं हसू तिथंच थांबलं.

आता नीट ऐका, कारण हेच लोकांना कळत नाही. घरातली एकेक वस्तू मी ओळखत होते. चूल माझी, मशीन माझं, फळीवरचे डबे माझे. पण चुलीपासून मशीनपर्यंत जायचं कसं, ते कळत नव्हतं. एका खोलीतून दुसरीत गेले की पहिली खोली जगातून नाहीशी व्हायची. आत्या चुलीपुढून म्हणायची, "मीठ दे गं, उगवतीच्या फळीवर हाय." आमच्याकडं सगळं असंच बोलतात, उगवतीला सरक, मावळतीचा बांध. मला उगवत मावळत काही उरलीच नव्हती. मी भिंतींकडं बघत उभी राहायचे.

आणि हे नुसतं चालण्यापुरतं नव्हतं. ब्लाउज कापायला बसले तर पाठ कुठली, पुढा कुठला, कापड उलटलं की गळा कुठल्या बाजूला जाईल, हे डोक्यात फिरवताच येईना. दिवसाची कामंही लागेनात. आधी धुणं, मग येताना भाजी तोडून आणू, असा साधा बेत करायला विहीर आणि वाफा दोन्ही डोक्यात एकदम असावे लागतात. माझ्या डोक्यात एका वेळी एकच जागा मावायची. कंटाळून मी तासन् तास ओट्यावर बसून राहायचे. आत्यानं मीठमिरच्यांनी माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका तिलाच लागला, आणि शेवटी तिच्या पाठीवरून हात मलाच फिरवावा लागला.

डिशचं तोंड

खोडदला आभाळातलं ऐकणाऱ्या मोठ्या दुर्बिणी आहेत. घराएवढ्या नाहीत, घरं गिळतील एवढ्या. आम्ही त्यांना डिश म्हणतो. तेव्हा त्या उभ्या राहून काही वर्षंच झाली होती. त्यातली एक आमच्या ओट्यावरून सरळ दिसते. सकाळी मी ओट्यावर बसायचे तेव्हा ती नेमकी माझ्याकडं तोंड करून असायची. रोज तशीच. मी मनात म्हटलं, झालं, सापडली माझी लाल चिंधी. एवढी मोठी खूण अख्ख्या तालुक्यात कुणाकडं नसेल. डिश बघते तिकडं माझं घर. कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, एकदम करून दाखवू.

डिशा फिरतात हे काय मला माहीत नव्हतं? शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते बघायला पाव्हणे येतात. पण माहीत असलेलं वेळेला पुढं येईल तर ते आजारपण कसलं!

थंडी सरत आली होती. एक दिवस हे कांदा घेऊन नारायणगावला गेले आणि अडकले. आत्या वरच्या वावरात. शाळा सुटायची वेळ झाली. आमच्या मळ्यातून शाळेत जाणारी आशू एकटीच, आणि बिबट्यामुळं आम्ही पोरांना एकटं येऊ देत नाही. म्हटलं, आज जायचंच. गावात दळण घेऊन निघालेल्या एका बाईच्या मागं मागं मी शाळेत पोचले. आशू मला बघून नाचायला लागली. सगळ्या पोरींना सांगत सुटली, "माजी आई आली, माजी आई बरी झाली!"

परत निघालो. मी डिश शोधली, तिचं तोंड बघितलं आणि त्या दिशेनं चालायला लागले. आशू म्हणाली, "आई, हिकडून न्हाई, तिकडून."

"गप. मला कळतंय."

पुढं ऊस लागला. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. आशू हात ओढायला लागली. "आई, ही आपली वाट न्हाई गं." मी तिला दटावलं आणि चालत राहिले. ऊस संपायला तयार नाही. ऊन उतरलं. बांधावरून वर चढून परत डिशकडं बघितलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हलली. सावकाश, आवाज न करता तिनं तोंड फिरवायला सुरुवात केली. मी बघतच राहिले. माझं घर फिरायला लागलं होतं.

आदल्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातली कालवड बिबट्यानं उसात ओढली होती. आशूला ते माहीत होतं. ती माझ्या पोटाला चिकटून उभी होती आणि मागं कुठून आलो तेही मला ठाऊक नव्हतं. तिन्हीसांजेला बॅटऱ्यांचे उजेड दिसले, हाका आल्या. हे धावत आले आणि आशूला उचलून छातीशी घेतलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आळ्याहून नणंद आली, आशूला आपल्याकडं ठेवून घ्यायला. आशूचे कपडे पिशवीत भरले. आत्या म्हणाली, "मंदे, तुजा राग न्हाई मला. पण पोरगी लई भ्याली गं." मी आशूला जवळ घ्यायला गेले तर ती आत्याच्या पदराआड झाली. म्हणाली, "आई, मला तुज्यासंग शाळंत न्हाई जायचं."

मेंदूज्वरानं मारलं नाही ते त्या वाक्यानं मारलं.

मी ह्यांना विचारलं, "परत कधी आणणार?"

"तू एकटी जाऊन तिला शाळंतून घरी आणशील, त्या दिवशी," हे म्हणाले. ह्यांचा आवाज कडक नव्हता, म्हणून जास्त लागला.

बुडालेलं गाव

पुण्याला तपासणीला जाताना माझी आई बरोबर आली. आई आंबेगाव तालुक्यातली. आमचं माहेरचं गाव घोड नदीकाठी होतं, ते धरणात गेलं. आई आता पुनर्वसनातल्या एकसारख्या घरांपैकी एका घरात राहते.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुमच्या माहेरी घरापासून देवळापर्यंत कसं जायचं?"

मी डोळे मिटले. "दारातून उगवतीला निघायचं. आधी सोनाकाकीचं दार. मग गेनूतात्याचं. मग उतारानं खाली यशोदाआक्का. कुंभाराच्या घरापाशी घासाच्या हाताला, म्हणजे उजवीकडं, वळलं की देऊळ."

बोलून गेले आणि मीच दचकले. उगवत म्हणाले होते मी! सगळं दिसत होतं, तात्याच्या दारातलं उखळसुद्धा. माझ्या मागं आईनं पदर तोंडाला लावला. त्या सगळ्यावर आता पाणी आहे.

बाई म्हणाल्या, "जुना नकाशा तुमच्या डोक्यात पक्का आहे. नवा बसायला वेळ लागेल, पहिल्यासारखा कदाचित बसणारही नाही. पण जुन्याचा काही उपयोग करता येतो का ते बघा. आणि खुणा हलणाऱ्या धरू नका." डिशचं मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून शेवटचं वाक्य बोलताना त्या हसल्या. मीही हसले आणि मग तिथंच रडले.

आम्ही एसटीनं परत निघालो. नारायणगाव जवळ आलं तेव्हा आई एकदम म्हणाली, "मंदे, तू आवतण द्यायचीस."

चूलबंद

गावात कुणाकडं जेवण असलं की घरोघर आवतण द्यायला मला धाडायचे, कारण माझा आवाज मोठा. क्रम ठरलेला. एक घर चुकलं तर ते माणूस पुढच्या पाच लग्नांत रुसलेलं. दारात उभं राहून म्हणायचं, "उद्या आमच्याकडं चूलबंद आवतण हाय!" म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायची नाही. दुसऱ्या दिवशी जेवण तयार झालं की दुसरी फेरी, ती मात्र उलटी. देवळापासून सुरू करायची आणि घराकडं यायचं, "चला, पानं वाढलीत!" म्हणजे माणसं मागं मागं गोळा होत येतात.

आई आमच्याकडंच राहिली. तिनं मळ्यापासून शाळेपर्यंतची वाट दोनदा चालून बघितली आणि मग मला हाताला धरून नेलं. घराजवळचा हापसा दाखवला. "ही सोनाकाकी. कवाबी बघ, कुरकुर चालू." पुढं विजेची डीपी, दोन खांबांवर बसवलेली, आत सारखी गुणगुणणारी. "हे गेनूतात्या. सोताशी बोलत्यात." कालव्याच्या चारीवरचा छोटा पूल म्हणजे यशोदाआक्का, ती दारात तशीच पाय पसरून बसायची. फाट्यावरची चिंच म्हणजे कुंभाराचं घर, तिथं घासाच्या हाताला वळायचं. येताना उलट, ताट धरायच्या हाताला. शाळा म्हणजे देऊळ.

"आन् ती?" मी डिशकडं बोट केलं.

"ती पावणी हाय. फिरती. तिला आवतण न्हाई," आई म्हणाली.

मग आमचा धंदा सुरू झाला. रोज सकाळी मी हापशाला, खांबांना, पुलाला मोठ्यानं आवतण द्यायचे आणि शाळेपासून पानं वाढलीत म्हणत परत यायचे. कांद्यात खुरपणाऱ्या बाया पदर तोंडात घालून हसायच्या. एकीनं विचारलं, "मंदा, आमाला न्हाई व्हय आवतण?" मी म्हटलं, "तुमी हलायचं-फिरायचं बंद करा, मग देते." हसा म्हटलं. कितीदा तरी चुकले. एकदा पुलावर पाचर बसल्यासारखी उभी राहिले, पुढचं घरच आठवेना, आणि आईनं मुद्दाम सांगितलं नाही. मी तिला नाही नाही ते बोलले. ती बांधावर बसून शेंगा खात राहिली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आई दर खेपेला थोडी मागं राहायला लागली, आणि एक दिवस घरीच बसली.

तात्या घरी नाहीत

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी ह्यांनी आशूला आळ्याहून आणून परस्पर शाळेत सोडलं. तिची कपड्यांची पिशवी आत्यानं ओट्यावर ठेवली. घरात नेली नाही. जमलं तर पिशवी आत, नाही जमलं तर संध्याकाळी गाडीवर परत. कुणी तसं बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

शाळा सुटायच्या आधी मी निघाले. हापशाला आवतण दिलं. पुढं चालले. उसाच्या कडेला आले, कान दिले. गुणगुण नाही. वर बघितलं तर दोन खांब नुसतेच उभे. डीपी जळली होती आणि सकाळी उतरवून दुरुस्तीला नेली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की तात्या नाहीत. आणि तात्या नाहीत म्हटल्यावर पुढची सगळी घरं एकदम विझली. मागचा हापसाही गेला. ऊस दोन्हीकडं. ऊन उतरायला लागलेलं. लांब ती डिश उभी होती, आणि तिचं तोंड, तुम्हाला खोटं वाटेल, अगदी चल म्हणावं तसं एका दिशेला होतं. पाय तिकडं ओढ घ्यायला लागले. आशू शाळेच्या फाटकात उभी असेल. आज मी नाही पोचले तर ती परत कधी माझ्याकडं बघणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

मी डोळे मिटले. लहानपणी तात्याच्या दाराला कडी असली तर मी काय करायचे? घर वगळून पुढं जायचे का? छे! वगळलं तर रुसवा. आईनं शिकवलेलं, दार बंद असलं तरी उंबऱ्याला सांगून जायचं.

मी त्या दोन खांबांच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "तात्या, उद्या आमच्याकडं चूलबंद आवतण हाय!" आवाज फाटला. पण उंबरा ओलांडला तसा खालचा उतार दिसला, उताराखाली पाय पसरलेली यशोदाआक्का दिसली. मी जवळजवळ पळतच सुटले.

आशू फाटकात होती. तिनं आधी माझ्या मागं बघितलं, बाबा आहेत का म्हणून. कुणी नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. मी हात पुढं केला. तिनं धरला, पण नखं रुतावीत असा. मी शाळेकडं तोंड करून म्हटलं, "चला, पानं वाढलीत." तिनं चमकून वर बघितलं. चिंचेपाशी परत म्हटलं, ताट धरायच्या हाताला वळले. पुलावर परत. तिनं हळूच विचारलं, "आई, तू कुणाला बोलावतीस?" मी चालता चालता सांगितलं, कुंभार कोण, यशोदाआक्का कोण, तात्या कोण.

ऊस आला तसा तिचा हात घट्ट झाला. खांबांपाशी थांबलो. ती घाबरून म्हणाली, "आई, हितली डीपी कुठं गेली?"

"तात्या गावाला गेल्यात. पण आपण बोलवायचं असतं."

तिनं खांबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी हाक मारली आणि चालायला लागले. दोन-चार पावलांनी माझा हात हलका झाला. तिनं सोडला होता. मी मागं वळले नाही. मागं तिच्या चपलांचा आवाज येत होता, माझ्या चालीनं.

हापसा दिसला. मी पदरानं डोळे पुसायला थांबले. तेव्हा मागनं माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात हाक आली, "सोनाकाकी, चला, पानं वाढलीत!"

ओट्यावर आत्या बसली होती. गुडघ्यांवर हात ठेवून ती उठली, आणि पिशवी उचलून आत घेऊन गेली.